क्रियापद आणि त्याची सोबत : इंग्रजी लेखनातील एक नित्याची चूक



इंग्रजी लेखनातील चुकांचे प्रकार अनेक आहेत, आणि ते सर्व सारखेच उपद्रवी नाहीत. स्पेलिंग चुकले तर ते डोळ्यांस तत्काळ खुपते. विद्यार्थ्याने ते चार वेळा गिरविले म्हणजे बहुधा सुधारतेही. भूतकाळाच्या जागी वर्तमानकाळ लिहिला गेला तर नियम सांगता येतो. परंतु एक चूक अशी आहे की, ती नियमाने सहसा पकडता येत नाही, पुष्कळदा खुद्द शिक्षकाच्याही कानास खटकत नाही, आणि प्राथमिक शाळेत एकदा मुरली म्हणजे पुढे पदवी मिळाली तरी माणसाची पाठ सोडीत नाही. ही चूक म्हणजे क्रियापदापुढे नको असलेले प्रिपोझिशन घालणे, हवे असलेले गाळणे, किंवा एकाच्या जागी दुसरे बसविणे. प्रिपोझिशन म्हणजे नामाच्या आधी येणारे शब्दयोगी अव्यय. या व्याख्यानात पुढे त्यास नुसते अव्यय म्हटले आहे.

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर कोणत्याही शाळेच्या वहीत सहज आढळावीत अशी चार वाक्ये घ्यावीत. 'द लाँच रीच्ड टू मांडवा.' 'वुई डिस्कस्ड अबाउट द गॅदरिंग.' 'शी इज वेटिंग हर फादर.' 'आय ॲम अफ्रेड फ्रॉम द डॉग.' या वाक्यांत शब्द ओळखीचे आहेत, काळ बरोबर आहे, शब्दांचा क्रमही बरोबर आहे. तरी पहिल्यात टू नको, दुसऱ्यात अबाउट नको, तिसऱ्यात फॉर हवे आणि चौथ्यात फ्रॉमच्या जागी ऑफ हवे.

या चुका अज्ञानातून आलेल्या नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. विद्यार्थी मराठी नीट जाणतो, म्हणूनच त्या घडतात. लाँच मांडव्याला पोहोचली, त्या 'ला'चे टू झाले. संमेलनाविषयी चर्चा केली, त्या 'विषयी'चे अबाउट झाले. कुत्र्यापासून भय, त्या 'पासून'चे फ्रॉम झाले. आणि मुलगी बापाची वाट पाहते, तेथे 'ची' या प्रत्ययास इंग्रजीत काय म्हणावे हे न सुचल्यामुळे मुलाने ती जागा मोकळीच सोडून दिली. अशा मुलास केवळ चुकीची फुली देणे म्हणजे त्याने केलेल्या विचारावरच फुली मारणे होय. त्याचा विचार शुद्ध आहे; तो ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत तेवढी खोटी आहे. मराठीतील प्रत्येक प्रत्ययास इंग्रजीत एक ठरलेले अव्यय असते, ही ती समजूत. आणि ती मुलाच्या मनात आपोआप उगवलेली नसते. 'वर म्हणजे ऑन, मध्ये म्हणजे इन, पासून म्हणजे फ्रॉम' असा तक्ता भिंतीवर टांगून शाळेनेच ती पेरलेली असते.

कोणी म्हणेल, अर्थ तर समजला, मग एवढा खल कशास? पुष्कळदा अर्थ समजतो, हे खरे. परंतु किनाऱ्यावरील मुलांस लगेच पटेल असे एक उदाहरण घ्यावे. होडी धक्क्यास लागत आहे आणि धक्क्यावर माणूस उभा आहे. 'थ्रो द रोप टू हिम' म्हटले तर दोर त्याच्याकडे टाकावयाचा, त्याने तो झेलून बांधावा म्हणून. 'थ्रो द रोप ॲट हिम' म्हटले तर दोर त्याच्या अंगावर फेकून मारावयाचा. एका लहानशा अव्ययाने मदतीचे भांडण झाले. 'शाउट' या क्रियापदाचेही तसेच: 'टू' असेल तर लांबच्या माणसास ऐकू जावे म्हणून मोठ्याने हाक मारली, 'ॲट' असेल तर त्याच्यावर ओरडला. कोळीवाड्यातील मुलास हा भेद शिकवावा लागत नाही. दोर कोणाकडे टाकतात आणि कोणावर फेकतात, हे तो चालू लागल्यापासून पाहत आलेला असतो. त्याच्या ठायी भेदाची जाण आहे, इंग्रजी शब्द तेवढे नाहीत.

शिवाय लेखी भाषेची गोष्ट बोलण्याहून निराळी आहे. बोलताना हातवारे असतात, समोरचा माणूस पुन्हा विचारतो, चूक वाऱ्यावर जाते. कागद तसा नसतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. पुढे हीच मुले बंदरातील नोकरीसाठी, बोटीवरील कामासाठी, प्रशिक्षणासाठी किंवा बँकेच्या कर्जासाठी इंग्रजीत अर्ज लिहितात. त्या अर्जातील मुख्य क्रियापदच 'अप्लाय' हे आहे आणि त्यास दोन अव्यये लागतात: ज्या कचेरीकडे अर्ज करावयाचा तिच्यापूर्वी टू, ज्या जागेसाठी करावयाचा तिच्यापूर्वी फॉर. अर्जदाराने ही दोन उलटसुलट केली तर वाचणाऱ्यास अर्थ कळेल. परंतु अर्जदाराविषयी त्याचे एक मतही बनेल. त्या मुलाने जाळी विणण्यात, इंजिन दुरुस्त करण्यात किंवा हिशेबात कितीही हुशारी दाखविलेली असो, दूरच्या कचेरीतील माणसापुढे त्याचा तो एकच कागद असतो. हे न्याय्य नाही, पण असे होते.

आता या चुकांपैकी सर्वांत चिवट जी, म्हणजे नको तेथे अव्यय घालण्याची, तिच्या मुळाशी जावयास हवे. मराठीत क्रिया सांगण्याची एक मोठी सोयीची रीत आहे. एखादे नाम घ्यावे आणि त्यास 'करणे' किंवा 'देणे' जोडावे: चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, प्रवेश करणे, विवाह करणे, उत्तर देणे. या रचनेत 'विषयी', 'शी', 'मध्ये' वगैरे जे काही येते ते वस्तुतः त्या नामाच्या ओढीने येते. चर्चा कशाविषयी? प्रवेश कशामध्ये? विवाह कोणाशी? इंग्रजीतही हे शब्द नाम म्हणून आले की अव्यय मागतात. 'डिस्कशन अबाउट द गॅदरिंग', 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'डिमांड फॉर वॉटर', 'आन्सर टू द क्वेश्चन', 'एंट्री इनटू द फोर्ट' हे सर्व शुद्ध होय. परंतु तोच शब्द क्रियापद झाला की अव्यय गळून पडते: 'डिस्कस द गॅदरिंग', 'रिक्वेस्ट लीव्ह', 'डिमांड वॉटर', 'आन्सर द क्वेश्चन', 'एंटर द फोर्ट'. मराठी मुलगा मनात 'चर्चा' हे नाम धरून चालतो आणि कागदावर 'डिस्कस' हे क्रियापद लिहितो. नामाचे अव्यय क्रियापदाच्या गळ्यात पडते ते असे. 'आय रिक्वेस्ट टू यू' हे रजेच्या अर्जातील वाक्यही याच वाटेने आलेले आहे, आणि ते केवळ मुलांच्याच अर्जांत दिसते असे नाही.

सातवी-आठवीच्या वर्गात ही गोष्ट फळ्यावर दोन रकाने काढून एकदा स्पष्ट केली तर तिचा मोठा उपयोग होतो, कारण येथे निदान पाठांतराच्या मागे एक कारण सांगता येते. मात्र हा सरसकट नियम आहे असे सांगू नये. 'होप' नाम असो वा क्रियापद, फॉर सोडीत नाही. 'एंटर' हे क्रियापद खोलीत शिरताना एकटे असते, पण करारनामा करताना 'एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट' असेच लिहितात. भाषा म्हटली की असे व्हावयाचेच.

मराठी तरी कोठे सरळ आहे? मुलांपुढे हाच प्रश्न ठेवावा, म्हणजे इंग्रजीचा धाक निम्मा ओसरतो. कुत्र्याला भितो म्हणावयाचे, पण कुत्र्याची भीती वाटते. भावावर रागावतो, पण भावाचा राग येतो. गुरुजींना भेटतो, गुरुजींशी बोलतो, गुरुजींकडे पुस्तक मागतो आणि गुरुजींना प्रश्न विचारतो. मागणे आणि विचारणे या दोहोंस इंग्रजीत 'आस्क' हा एकच शब्द; वस्तू मागावयाची तर 'आस्क फॉर अ बुक', प्रश्न विचारावयाचा तर नुसते 'आस्क अ क्वेश्चन'. मराठीने दोन क्रियापदे केली, इंग्रजीने एका क्रियापदास अव्यय लावून काम भागविले. यांतील कोणती रीत तर्कास धरून आहे, हे ठरविण्यात अर्थ नाही. प्रत्येक क्रियापद आपली सोबत आपणच निवडते, एवढे मुलांच्या लक्षात आले म्हणजे झाले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून विभक्तिप्रत्यय शाळेत पाठ करून घेण्याची परंपरा आहे. 'स, ला, ते' घोकले जाते. पण 'भिणे' हे क्रियापद 'ला' घेते आणि 'भीती' हे नाम 'ची' घेते, याकडे मुलाचे लक्ष क्वचितच वेधले जाते. मराठीच्या तासास ते वेधले तर इंग्रजीच्या तासाचे अर्धे काम तेथेच होऊन जाईल.

ही दृष्टी नवी नाही. पाणिनीने भयवाचक धातूंच्या योगे भयाच्या कारणास पंचमी सांगितली, रागावणे या अर्थाच्या धातूंच्या योगे ज्याच्यावर राग त्यास चतुर्थी सांगितली, आणि त्यांतील काही धातूंस उपसर्ग लागला तर तेथेच द्वितीया होते असे आणखी वेगळे सूत्र केले. म्हणजे प्रत्येक क्रियापद आपली विभक्ती घेऊन येते, हे या देशात अडीच हजार वर्षांच्या आसपास माहीत आहे. संस्कृत शिकलेल्या पिढ्यांस याची सवय होती. महाडनजीक नाते येथे १८९६ साली जन्मलेले आणि रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख यांनी मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळविली, पुढे मेघदूताचा मराठी अनुवाद केला आणि १९७४ साली आपले आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले. संस्कृतामुळेच त्यांचे इंग्रजी चांगले झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण एका भाषेचे बारकावे जाणणारा माणूस दुसऱ्या भाषेत डोळे उघडे ठेवून वावरतो, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

किनाऱ्यावरील आगरी व कोळी घरांतील मुलांचे एक विशेष येथे सांगितले पाहिजे. 'मला' या अर्थी घरी 'मना' म्हणणारे मूल शाळेत येऊन 'मला' लिहू लागते. घरचे रूप एक, लेखनातील रूप दुसरे, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य, हा अनुभव त्याने पहिलीतच घेतलेला असतो. ज्या शिक्षकाने 'मना' या शब्दास हसून मुलास गप्प केले नाही, त्याच्या वर्गात 'टू' आणि 'फॉर' यांची गोष्ट सोपी होते.

शिकविण्याच्या पद्धतीकडे वळताना रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नाचा विचार आधी करावयास हवा, कारण या विषयातील बहुतेक सराव त्याच प्रश्नाने करून घेतला जातो. 'शी इज वेटिंग (रिकामी जागा) हर फादर' असा प्रश्न दिला की मूल 'फॉर' लिहिते व गुण मिळविते. पण याच मुलाने आपल्या निबंधात फॉर गाळलेला असतो! कारण उघड आहे. येथे काहीतरी हवे आहे, हे रिकाम्या जागेने आधीच सांगून टाकलेले असते. त्याहून मोठा दोष असा की, जेथे काहीच नको अशी जागा या प्रश्नात कधी येतच नाही. 'रीच', 'डिस्कस', 'एंटर', 'मॅरी', 'आन्सर' यांची परीक्षा या प्रश्नाने होऊच शकत नाही, आणि निबंधातील कितीतरी चुका नेमक्या त्यांच्याच असतात. यावर उपाय साधा आहे. दहा जागा द्याव्यात, त्यांपैकी तीन-चार कोऱ्याच राहावयाच्या असाव्यात, आणि तेथे मुलांनी आडवी रेघ मारावी. किती जागा कोऱ्या आहेत, हे मात्र आधी सांगू नये.

पहिली ते चौथीच्या वर्गांत यांपैकी काहीही समजावून सांगण्याचे कारण नाही. तेथे कानाने काम करावयाचे असते. शिक्षकाने वर्गात रोज ज्या आज्ञा द्यावयाच्या त्या पूर्ण व शुद्ध द्याव्यात: 'लिसन टू मी', 'लुक ॲट द बोर्ड', 'पॉइंट टू द विंडो', 'वेट फॉर युवर टर्न'. घाईत 'लिसन मी' किंवा 'लुक द बोर्ड' म्हटले जाते, आणि चाळीस मुले ते वर्षभर ऐकतात. आज्ञा लहान असते, परंतु वर्षाकाठी ती शेकडो वेळा कानावर पडते. एवढी आवृत्ती कोणत्याही धड्याची होत नाही. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकास तर हा मार्ग विशेष सोयीचा, कारण त्यास वेगळा तास लागत नाही.

पाचवीपासून पुढे वहीची मदत घ्यावी. नवा शब्द लिहून घेताना 'वेट म्हणजे वाट पाहणे' एवढेच लिहून न घेता 'वेट फॉर' हा सबंध जोड, आणि त्याखाली गावातीलच एक वाक्य लिहून घ्यावे. जपानमध्ये इंग्रजी शिकविणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला शब्दकोश १९४२ साली टोकियोत निघाला व १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. कोणते क्रियापद कोणत्या रचनेत बसते हे परकीय विद्यार्थ्यांस दाखविणे, हे त्या कोशाचे वैशिष्ट्य होते. जपानी भाषेतही असे शब्द मराठीप्रमाणेच नामाच्या मागून येतात, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांची अडचण पुष्कळशी मराठी मुलांसारखीच असणार. त्या कोशाच्या पुढील आवृत्त्या आजही मिळतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी मराठी माणसांच्या अनेक पिढ्यांस इंग्रजी वाक्यरचना शिकविली, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण भाषांतराच्या वाटेने जाताना क्रियापदाची सोबत स्वतंत्रपणे पाठ करावयास हवी, ही गोष्ट शिक्षकाने आपल्याकडून जोडली पाहिजे.

वहीतील वाक्ये ओळखीच्या विषयावर असली म्हणजे ती टिकतात. 'पाहणे' या एकाच मराठी क्रियापदाचे इंग्रजीत किती प्रकार होतात, यासाठी अलिबाग तालुक्यातील किहीमचे उदाहरण हाताशी आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० साली तेथे राहून सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे निरीक्षण केले. सालिम अली पक्ष्यांचे निरीक्षण करीत होते, तेथे 'वॉच' एकटे येते: 'ही वॉच्ड द बर्ड्स'. नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते पाहते, तेथे 'लुक्स ॲट'. घरट्यासाठी नर पात्यांचे धागे शोधीत हिंडतो, तेथे 'लुक्स फॉर'. घरटे पसंत पडले म्हणजे पुढे मादी पिलांची देखभाल करते, तेथे 'लुक्स आफ्टर'. एका झाडाखाली चार क्रिया झाल्या, आणि त्यांची अदलाबदल केली तर काय घोटाळा होईल, हे मुले हसत हसत सांगतात.

भूगोलाचेही तसेच. रायगड जिल्ह्यात १५ तालुके आहेत, हे सांगताना 'कन्सिस्ट्स ऑफ फिफ्टीन तालुकाज' म्हणावे किंवा 'कम्प्राइझेस फिफ्टीन तालुकाज' म्हणावे. पहिल्यास ऑफ हवेच, दुसऱ्यास नको. 'कम्प्राइझेस ऑफ' ही चूक शिकल्यासवरलेल्यांच्या लेखांतही आढळते, तेव्हा मुलांस फार बोल लावू नये.

वह्या तपासण्यासंबंधी एक-दोन गोष्टी. एका निबंधात एकाच प्रकारची चूक दुरुस्त करावी. या आठवड्यात क्रियापदाची सोबत, तर बाकीच्यांकडे तात्पुरती डोळेझाक. सारे पान लाल झाले म्हणजे मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहिते, आणि ज्याने लिहिलेच नाही त्याची चूक होत नाही हा धडा तेवढा शिकते. दुसरे असे की, जेथे इंग्रजी लिहिणाऱ्यांतच दोन रीती आहेत तेथे फुली मारू नये. 'डिफरंट फ्रॉम' सर्वत्र चालते, 'डिफरंट टू' इंग्लंडात सर्रास लिहितात, 'डिफरंट दॅन' अमेरिकेत दिसते. रागावण्यास माणसापूर्वी 'अँग्री विथ' लिहितात तसे 'ॲट'ही लिहितात; 'ऑन' मात्र मराठीतून आलेले, ते दुरुस्त करावे.

शेवटी सहावी-सातवीसाठी एक सराव देतो येईल असा आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. या सहलीवर मुलांकडून आठ वाक्ये लिहून घ्यावीत: ओहोटीची वाट पाहिली, किल्ल्याकडे चालत गेलो, किल्ल्यास पोहोचलो, आत प्रवेश केला, तोफा पाहिल्या, गुरुजींचे सांगणे ऐकले, इतिहासाविषयी चर्चा केली, भरतीपूर्वी अलिबागेस परतलो. इंग्रजीत यांस अनुक्रमे वेट फॉर, वॉक टू, रीच, एंटर, लुक ॲट, लिसन टू, डिस्कस आणि रिटर्न टू ही क्रियापदे लागतात, आणि त्यांपैकी तिसरे, चौथे व सातवे यांपुढे काहीही येत नाही. प्रथम मुलांनी आपल्या मनाने लिहावे, मग जोडीदाराच्या वहीशी ताडून पाहावे, आणि जेथे दोघांचे जुळणार नाही तेवढीच वाक्ये शिक्षकाने फळ्यावर घ्यावीत. मुरूडच्या शाळांनी कुलाब्याच्या जागी जंजिरा घ्यावा. तेथे चालत जाता येत नाही, राजपुरीहून होडीने जावे लागते, म्हणून दुसऱ्या वाक्यात 'वॉक टू'च्या जागी 'सेल टू' घालावे.